तिसगावच्या सलूनमधला मॉन्स्टेरा

मित्रांनो, मी एक मॉन्स्टेरा आहे. नाव अवघड वाटलं, तर भोकाभोकांच्या पानांचं झाड म्हणा. मी नीट वाढलो की माझं एकेक पान परातीएवढं होतं आणि त्याला आपोआप चिरा अन् खिडक्या पडतात. माझे पूर्वज दूरच्या पावसाळी जंगलात उंच झाडांच्या अंगावर चढत असत. मी मात्र लहानाचा मोठा झालो तो बेलापूरजवळ, बनुबाईंच्या नर्सरीतल्या हिरव्या जाळीखाली.

दोन वर्षांपूर्वी एक दिवस तिथे मच्छिंद्र आला. तिसगावच्या पेठेत त्याचं केस कापायचं दुकान आहे. त्याने नवे आरसे बसवले होते आणि त्यांच्याशेजारी त्याला काहीतरी हिरवंगार हवं होतं. तो थेट सगळ्यांत उंच झाडापाशी गेला.

"उंचीवर जाऊ नको," बनुबाई म्हणाल्या. "बुडाला धरून हलव बरं. डुगडुगतंय ना? मुळं न्हाई धरली त्यानं अजून. हे बघ. बुटकं हाय, पर खोड घट्ट हाय. पानांच्या खाली कीड न्हाई. शेंड्याला नवी सुरळी बी हाय."

ते बुटकं झाड म्हणजे मी!

"पर मावशी, पानं फाटल्यात की."

"फाटली न्हाईत. नक्षी हाय ती. फकस्त लेकरांनी अन् शेरडांनी तोंडात घालू नये, लई खाजतं."

मच्छिंद्रने मला आणून चकचकीत पांढऱ्या कुंडीत लावलं आणि आतल्या कोपऱ्यात, आरशाजवळ ठेवलं. मी हरखून गेलो. मी एकटाच, पण आरशांत मला पाच मी दिसत होते!

रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायला आदिनाथ गुरुजी येत. ते शाळेतून निवृत्त झालेले. माझी पानं पाहून ते हळहळले, "मच्छिंद्रा, तुझ्या गळ्यात किडकं झाड मारलं रे!" आणि त्यांनी आपल्या पेल्यातलं उरलेलं पाणी माझ्या कुंडीत ओतलं. मग ती रीतच पडली. आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक दोन घोट पाणी पिऊन उरलेलं मला देई. आमच्या दुष्काळी भागात पाण्याचं मोल काय, हे मी सांगायला नको. आपल्या तोंडचं पाणी देणाऱ्या माणसांवर रागवायचं तरी कसं?

पण माझी मुळं गुदमरत होती. कोपऱ्यात उजेडही पोचत नव्हता. पुढचं पान आलं ते तळहाताएवढं, एकही चीर नसलेलं.

"कीड गेली!" गुरुजी ओरडले.

बनुबाईंची नक्षी विसरून मच्छिंद्रने आनंदाने सगळ्यांना चहा पाजला. अर्धा कप माझ्याही वाट्याला आला. त्यानंतर माझी खालची पानं पिवळी पडू लागली. मच्छिंद्रचा चेहरा उतरला. तो मला आणखी पाणी घालू लागला.

अशात बनुबाई जवळच्या मढीला कानिफनाथांच्या दर्शनाला आल्या आणि परत जाताना दुकानात डोकावल्या. माझी दशा पाहताच त्यांनी पदर खोचला आणि कुंडी आडवी केली. सगळं दुकान गोळा झालं.

"अरं, पानाची भोकं मोजत बसला, आन् कुंडीलाच भोक न्हाई व्हय? पाणी जाईल कुठनं?"

माझी निम्मी मुळं काळी पडून लिबलिबीत झाली होती.

"कात्री घे. कुजकं तेवढं काप."

आजवर हजारो डोकी लीलया भादरणाऱ्या मच्छिंद्रने कात्री बनुबाईंपुढे धरली. "मावशी, तुमीच कापा. मेलं तर?"

"न्हाई कापलं तर नक्की मरंल. पांढरं मूळ राख, काळं काढ."

त्याने कात्री उकळत्या पाण्याने धुतली आणि एकेक कुजकं मूळ अलगद काढलं. मग मला भोकं असलेली मातीची कुंडी मिळाली. तिच्यात माती, नारळाचा भुसा आणि विटांचे बारीक तुकडे होते. चढायला काथ्या गुंडाळलेली काठी आली, आणि जागा मिळाली दाराजवळ, जिथे उजेड भरपूर पण ऊन थेट अंगावर येत नाही.

"बोटाची दोन पेरं मातीत घाल. कोरडं लागलं तरच पाणी," बनुबाईंनी बजावलं. गुरुजी खजील होऊन उभे होते. "आजपासून राखण माझी," ते म्हणाले. आणि खरंच, कोणी पेला उचलून माझ्याकडे वळला, की गुरुजी वर्तमानपत्राआडून खाकरत. मच्छिंद्र ओल्या फडक्याने माझी पानं पुसू लागला, इतक्या हलक्या हाताने की जणू गिऱ्हाइकाचे गालच!

तीन महिने मी नुसता उभा होतो. मग एका सकाळी सुरळी उलगडली. गुरुजी खुर्चीत होते, अर्धी दाढी झालेली. त्यांची नजर माझ्याकडे गेली आणि ते ताडकन उठले.

"मच्छिंद्रा, भोकं! पाच भोकं!"

गळ्यात कापड, अर्ध्या गालावर फेस, तसेच ते दारात जाऊन येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारू लागले. मच्छिंद्र हातात वस्तरा घेऊन लहान मुलासारखा हसत होता.

मित्रांनो, झाड घरी आणाल तेव्हा त्याच्यावर माया जरूर करा. पण पाणी घालण्याआधी त्याला तहान आहे का, एवढं बोटाने विचारा. आम्हाला तोंड नाही, पण माती खोटं बोलत नाही. मी आता काठीच्या वर पोचलो आहे. मच्छिंद्र सुताराकडे आणखी उंच काठी सांगून आला आहे, आणि छताचं काय करायचं, यावर दुकानात रोज वाद चालू आहे!