गवताचा कावळा

कावळे होते, पण शिवत नव्हते.

बहारीनमधल्या सितऱ्याच्या बाजूचा तो खडकाळ किनारा. मोडक्या होड्या उपड्या पडलेल्या, ओहोटीचं पाणी लांब सरकलेलं, उघड्या चिखलावर खारं ऊन. केळीच्या पानावर भाताची मूद, मुदीवर काळे तीळ, बाजूला सुक्या बांगड्याचा भाजलेला तुकडा. गणपतचा त्यावर जीव. पडक्या भिंतीवर कावळ्यांची रांग बसली होती. माना तिरक्या करून पानाकडे बघत, पंख झटकत, आणि पुन्हा जागच्या जागी.

गणपतच्या दहाव्याला सलमाबादच्या कामगार कॅम्पातली त्याची खोलीच्या खोली आली होती. एकेक जण पुढे होऊन हात जोडत होता, मेलेल्याची राहिलेली इच्छा चाचपडत होता.

"गणपतदा, भक्तीच्या शिक्षणाचा आमी बघतलव," परीक्षित म्हणाला. तो वेल्डर, गणपतच्या वरच्या खाटेवर झोपणारा. भक्ती ही गणपतची एकुलती लेक, गावाला.

कावळे ढिम्म.

"तुझी अत्तराची बाटली मीच संपवलंय रे," खोलीतला सुतार रडकुंडीला येऊन म्हणाला. "नवी घेऊन देतंय. भक्तीच्या लग्नात आख्ख्या मांडवार शिंपडतंय!"

दोघं-तिघं हसले, मग हसल्याची लाज वाटून गप्प झाले. कावळ्यांनी अत्तरालाही भीक घातली नाही.

रत्नाबाई खडकावर बसून होती. गणपत तिचा पाठचा भाऊ. आई लवकर गेली, तेव्हा याला कडेवर घेऊनच तिने चूल शिकली. पुढे ती बहारीनला आली, माहूजमध्ये वसईच्या सिल्व्हिया नर्सच्या घरी स्वयंपाकाला राहिली; मग भावालाही बोलावून घेतलं. तो उंच इमारतींच्या परांच्या बांधायचा. शुक्रवारी जेवायला आला की ती त्याला चिडवायला गायची:

*दर्यापल्याड बंधू माझा बांधितो माडी,*
*बघून बघून मान माझी झाली वाकडी.*

त्याच परांचीवरून तो पडला. खाली कॉलमच्या सळया उभ्या होत्या. त्या त्याच्यातून आरपार गेल्या, आणि त्याला उतरवायला सळया कापाव्या लागल्या. कापणारा हात परीक्षितचा होता.

आणि मग, जे सगळे करायचे तेच त्यांनी केलं. शिरीषभाऊंना फोन लावला.

बहारीनमध्ये मराठी माणूस मेला की शिरीषभाऊंचं नाव निघायचं. शवागारातून देह सोडवायचा, परवाने आणायचे, पेटी गावी धाडायची, नाहीतर इथेच अग्नी देऊन अस्थी हातात द्यायच्या. सारं तेच बघायचे. बोलणं साखरेचं, कपाळी चंदन. गणपतीच्या आरतीला त्यांना पुढे उभं करत.

"ताई, देह गावी पाठवण्यासारखा उरलेला नाही," ते म्हणाले होते. "इथेच अग्नी देऊ. तुम्ही मात्र स्मशानात येऊ नका. आपल्यात बायका येत नाहीत, रीत मोडायला नको." दिवस त्यांनी कामाचा धरला. कंपनीने कुणालाच लीव्ह दिली नाही, आणि खोलीतल्या प्रत्येकाला वाटलं, दुसरा कोणीतरी गेला असेल. तिसऱ्या दिवशी शिरीषभाऊंनी लाल फडक्यात बांधलेलं मडकं रत्नाबाईच्या ओंजळीत ठेवलं.

अस्थी घरात ठेवत नाहीत. सिल्व्हियाने आपल्या बाल्कनीत, कपड्यांच्या दोरीच्या हुकाला मडकं टांगू दिलं. "येशूची काही ना नाही, रत्नाबाई," ती म्हणाली होती. तेव्हापासून भांडी झाली की रत्नाबाई रोज संध्याकाळी त्या मडक्याखाली बसायची:

*खुंटीवरल्या राजा, तुला झोंबतो का वारा,*
*बहिणीचा पदर घे रे, घे रे सारा.*

गावाकडच्या खाडीत, आईची राख सोडली त्या धक्क्यावर, गणूला सोडायचं. एवढं एकच तिला आता हवं होतं. रोज भक्तीचा फोन यायचा, "आत्ये, बाबांक कधी आणतलंस?" तिकीट काढून झालं होतं. मडकं आणि धक्क्यावर वाढवायचा नारळ, दोन्ही आज तिच्या पिशवीत होती.

ऊन वर चढलं. शिरीषभाऊंनी घड्याळ पाहिलं आणि झोळीतून दर्भाचा कावळा काढला. आधीच वळून आणलेला, चोच-शेपटीसकट.

"ताई, किती वाट बघायची? शास्त्रात सोय आहे. हा शिववू आणि मोकळे होऊ."

"गवताचो कावळो माका नको."

"अहो, पण..."

"माझ्या हातचा जेवाण गणूने कधी टाकूक नाय," रत्नाबाई म्हणाली. "आज रुसलो तर काय तरी आसा. शिरीषभाऊ, ह्या मडक्यात माझोच भाव आसा मा?"

संशय तिला नव्हता. दुःखात माणूस देवालाही असंच काहीबाही विचारतं. पण शिरीषभाऊंच्या कपाळावरचं चंदन घामाने पाघळलं. त्यांनी मागे वळून आपल्या गाडीकडे बघितलं. गाडीपाशी त्यांचा ड्रायव्हर जमालुद्दीन डोक्याला रुमाल बांधून, सगळ्यांपासून अंतर राखून उभा होता.

"आता काय सांगू," शिरीषभाऊ हलकेच म्हणाले. "सोबत मी होतोच. पण गाडी याच्या ताब्यात. परक्या हाताने काय उलटंपालटं केलं असेल..."

एवढं पुरलं.

परीक्षितची पहिली लाथ जमालुद्दीनच्या पोटात बसली. तो दुमडला तसा सुताराने त्याचा रुमाल धरून डोकं गाडीच्या पत्र्यावर आपटलं. पत्रा घुमला. कावळे उडाले. "मेल्या, खंय टाकलंस तेका? बोल!" त्याला फरफटत पानापाशी आणलं. बुक्क्या, लाथा, वल्ह्याचं मोडकं फळकूट. सळई कापल्या दिवसापासून ज्यांच्या मुठी वळलेल्या होत्या, त्यांना मारायला एक अंग मिळालं होतं. जमालुद्दीन विजयदुर्गाच्या खाडीपलीकडचा, हे अलीकडचे. एकाच पाण्याची माणसं. त्याचं रक्त केळीच्या पानावर उडालं, मुदीवर, तिळांवर. पायांखाली गवताचा कावळा चेंदला.

रत्नाबाई बघत होती. "नको" हा शब्द तिच्या ओठापर्यंत आला नाही. खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं.

"मारू नकात!" जमालुद्दीन रक्त थुंकत ओरडला. "गणपत जळूकच नाय! अजून हंयच आसा तो!"

हात थांबले.

"सलमाबादेक. भाऊंच्या गोडावनात, थंड कंटेनरात."

शिरीषभाऊ तोवर गाडीच्या पलीकडच्या दाराशी पोचले होते. परीक्षितने त्यांना कॉलरला धरून मागे ओढलं. चंदनाचा टिळा त्याच्या मनगटावर पुसला गेला.

सलमाबादच्या त्या गल्लीत एका बाजूला गॅरेज, दुसऱ्या बाजूला टायरवाले. मधल्या गोदामात पांढरा कंटेनर भरदुपारी घरघरत होता. जमालुद्दीनचा एक डोळा मिटून गेला होता. त्याने चाचपडत कडी सरकवली. आतून पांढरी वाफ आली, आणि वाफेमागून मासळीच्या बर्फासारखा वास.

फळ्यांवर गाठोडी होती. एक नव्हे. प्लास्टिकात गुंडाळलेली, चिकटपट्टी मारलेली.

जमालुद्दीनने एका गाठोड्याचं प्लास्टिक तोंडापाशी बाजूला केलं. गणपत होता. भुवयांवर, मिशीवर हिमाचे कण. काळी मिशी पांढरी झाली होती. जो म्हातारा कधी होणार नव्हता, तो म्हातारा दिसत होता. रत्नाबाईने पदराने त्याचं कपाळ पुसलं. पदर कपाळाला चिकटला. सोडवताना सूत तुटलं.

"गणू," ती म्हणाली. "बाळा, तू हंय? आणि मी थंय गाणी गाय होतंय?"

बाहेर शिरीषभाऊंना माणसांनी भिंतीशी दाबून धरलं होतं. जमालुद्दीन तिच्या जवळ आला. तो बोलला तेव्हा फुटलेल्या ओठातून शब्द गळत होते.

"बाय, मी रोज येऊन बघी, थंडावो चालू आसा काय. पासपोर्ट तेच्याकडे, तोंड उघडूक भियालंय. मारलात ता बरा केलात. पण आता आयक. परवानगी तेच्याच नावार आसा. तेका फोन करूक लाव. दिवस बुडायच्या आत गणपतक आग मेळात. आधी भावाक ने. मगे मारा तेका. मी पण मारतंय."

"लावतो!" शिरीषभाऊ ओरडले. फोन त्यांनी खिशातून काढला. "ताई, आत्ता लावतो. स्मशानातला माणूस माझा आहे. गाडी ही उभी. तासाभरात अग्नी. तुम्ही स्वतः द्या, कोण अडवतो बघू!"

त्यांनी नंबर लावला. रिंग जाऊ लागली.

रत्नाबाई बाहेर आली. पिशवीतलं मडकं तिने हळूच कंटेनरच्या पायरीवर ठेवलं.

"भाऊ, ह्या कोण?"

"कोण म्हणजे?"

"मडक्यात कोण आसा?"

शिरीषभाऊंनी फोन कानाला धरला होता. घाईत, जसं बाजारात सांगावं तसं ते बोलून गेले, "ताई, लाकडं किती लागतात, परवाने किती... चार जमले की एकदम उरकतो. ते एकाचं नाही. मिक्स आहे. राख ती राखच ना शेवटी?"

पलीकडून फोन उचलला गेला. "हॅलो?"

रत्नाबाईचा हात पिशवीत होता. हाताला नारळ लागला. गावाहून आणलेला, जड, शेंडीसकट. हा नारळ खाडीच्या धक्क्यावर वाढवायचा होता. तिने तो दोन्ही हातांनी वर उचलला. जमालुद्दीन "बाय, नको, फोन—" म्हणाला, ते तिने ऐकलं. स्पष्ट ऐकलं. आणि नारळ शिरीषभाऊंच्या कपाळावर हाणला.

आवाज देवळातल्यासारखाच झाला. नारळ फुटला. पाणी आणि रक्त मिळून त्यांच्या डोळ्यांत गेलं. ते गुडघ्यांवर आले, तर तिने हातात उरलेली अर्धी करवंटी त्यांच्या तोंडावर मारली, पुन्हा मारली. दात जमिनीवर पडले. मग माणसं तुटून पडली. गॅरेजमधला पाना कुणाच्या तरी हाती आला. जबडा मोडल्याचा आवाज झाला. उजव्या हाताची बोटं सुताराने टाचेखाली एकेक करून चिरडली.

फोन जमिनीवर पडून बोलतच होता. "हॅलो? शिरीषभाई? हॅलो, लकड़ी लगवाऊँ क्या?"

जमालुद्दीन त्याच्याकडे रांगत निघाला. हात पुरणार, तेवढ्यात कुणाचा तरी सेफ्टी बूट त्यावर पडला. काच चरचरली. आवाज थांबला.

मग सगळेच थांबले. शिरीषभाऊंच्या नाकातून रक्ताचे बुडबुडे येत होते, म्हणजे ते जिवंत होते. पण बोलायला तोंड नव्हतं आणि सही करायला हात नव्हता. परीक्षितने पाना खाली टाकला. "ह्या काय केलंव आपण," तो म्हणाला, आणि कंटेनरकडे बघू लागला.

टायरवाल्याने पोलीस बोलावले होते. गाड्या आल्या. कंटेनरच्या दाराला पिवळी पट्टी लागली. गणपत आता रत्नाबाईचा भाऊ नव्हता, पुरावा होता. आणि बाकीची गाठोडीसुद्धा.

सोबत आलेल्या हिंदी बोलणाऱ्या शिपायाला तिने विचारलं, "भाईको आग कब?"

"तपास होगा, केस चलेगा. उसके बाद."

"उसके बाद कब?"

"इंशाल्ला," तो म्हणाला. वाईट मनाने नाही म्हणाला.

हातात बेड्या पडताना परीक्षितने मोठ्याने सांगून टाकलं, "बायने हात लावूक नाय. नारळ माझो." सुतार म्हणाला, "माझो." एकाच नारळाचे सगळेच मालक झाले. जमालुद्दीनलाही नेलं. गाडीत चढताना तो बंद न झालेल्या एका डोळ्याने तिच्याकडे बघत राहिला. त्या बघण्याने तिला जे झालं, ते कुठल्या माराने झालं नसतं.

पायरीवरच्या मडक्याकडे कुणी पाहिलं नाही. तिने ते पिशवीत घातलं.

माहूजला पोचली तेव्हा दिवस बुडत होता. जमालुद्दीनने सांगितलेली वेळ. आत्ता चिता शांत होत आली असती. सिल्व्हियाने तिची रक्ताने भरलेली नखं पाहिली. न विचारता कोमट पाणी आणलं, आणि नर्सच्या सवयीने एकेक बोट धुतलं.

"तुझं रक्त नाही हे," ती म्हणाली.

"नाय, ताई."

फोन वाजला. भक्ती.

"आत्ये, बाबांक कधी आणतलंस?"

रत्नाबाईने धुतलेल्या नखांकडे पाहिलं. "माझ्या हातान उशीर झालो गो बाये," ती म्हणाली. "माझ्याच हातान." तिने फोन ठेवला.

मग ती बाल्कनीत गेली. मडकं पिशवीतून काढलं. लाल फडक्यावर रक्त आणि नारळाचं पाणी सुकून डाग पडला होता. पुन्हा हुकाला लावलं. कोण चौघं होते ते, कुठल्या गावचे, कुणाच्या घरी त्यांच्या नावाची कोणती राख पुजली जात होती, कोण जाणे. एखादी बाईही असेल. त्यांना कावळा शिवला असेल, की गवताचा?

वारा आला. मडकं हललं. रत्नाबाई सवयीने खाली बसली, सवयीने तोंड उघडलं. "खुंटीवरल्या राजा" म्हणाली आणि अडली. मग फाटक्या पदराचं टोक हातात घट्ट धरून तिने पुन्हा सुरुवात केली:

*खुंटीवरल्या जीवांनो, तुम्हां झोंबतो का वारा...*