नवऱ्याच्या घरावरची पाटी

लासुर्ण्याच्या ख्रिस्ती मंडळीत माणसं मोजून चाळीस, आणि त्यातली निम्मी चतुराबाईला वचकून असत. पंचांमध्ये ती एकटीच बाई. नवरा श्रीपती जाऊन अठरा वर्षं झाली, तेव्हापासून प्रार्थनाघराची किल्ली तिच्या कमरेला होती. ईस्टरच्या आदल्या दिवशी ती झाडलोट करायला गेली, तर दारात टेम्पो उभा आणि दोन गडी काळ्या दगडाची भलीमोठी पाटी भिंतीला टेकवताहेत. पाटीवर सोनेरी अक्षरं होती: ‘विजयसिंह आबा प्रार्थना भवन’. खाली हात जोडलेल्या आबांचा फोटोसुद्धा कोरला होता. येशूचं नाव कुठं आहे म्हणून तिनं पाटी दोनदा वाचून काढली. नव्हतंच.

“अनुप!” तिनं हाक मारली.

अनुप म्हणजे मंडळीचा पाळक. सगळं गाव त्याला पाळकसाहेब म्हणायचं; पण चतुराबाईनं त्याला रविवारच्या शाळेत बाकावर उभं केलं होतं, त्यामुळे तिच्या तोंडी तो अनुपच राहिला.

“मावशी, आरडू नका. एक पाटी तर हाय,” तो बाहेर येत म्हणाला.

“कुणाच्या घरावर हाय?”

अनुपनं वर बोट दाखवलं. जुने गंजके पत्रे काढून स्लॅब घालून द्यायचं काम गावचे पुढारी विजयसिंह आबा यांनी आपल्या अंगावर घेतलं होतं. निवडणूक तोंडावर आली की आबांना असली कामं सुचत. वेदीकडच्या अर्ध्या भागावर स्लॅब टाकून झाला होता आणि उरलेल्या अर्ध्यावर नुसतं आभाळ होतं. आबांचा निरोप सरळ होता. उद्या पाटीचं अनावरण करा, परवा उरलेला स्लॅब टाकतो.

“आन् पाटी न्हाय लावली तर?”

“तर स्लॅब बी न्हाय.”

“मंडळी ही ख्रिस्ताची नवरी हाय, असं मागल्याच रविवारी घसा फोडून सांगितलंस,” चतुराबाई म्हणाली. “नवरीनं नवऱ्याच्या घरावर दुसऱ्या बाप्याचं नाव लावलं, तर तिला काय म्हणत्यात रं?”

“ते उपदेशात असतं, मावशी. पावसाळ्यात लेकरं भिजायला लागली की त्यास्नी कुठला उपदेश पांघरू?”

हे मात्र तिला लागलं. पोरगं खोटं बोलत नव्हतं. संध्याकाळी पंच बसले तेव्हा तिनं पुष्कळ आदळआपट केली, पण चार जण पाटीच्या बाजूचे आणि ही एकटी विरुद्ध. पाटी बसली, तिच्यावर गुलाबी पडदा चढला. घरी जाताना चतुराबाई आबांवर चिडली, पंचांवर चिडली आणि सगळ्यात जास्त स्वतःवर चिडली, कारण लेकरांचं काय करायचं ते तिलाही सांगता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आबांना अकराला बारामतीत लग्न गाठायचं होतं. म्हणून उपासना पुढं ढकलून अनावरण आधी घेतलं. ईस्टरच्या दिवशी प्रभूनं थांबायचं आणि आबांनी आधी उरकून घ्यायचं! चतुराबाई दात आवळून बसली.

सगळी माणसं स्लॅबच्या सावलीत दाटीवाटीनं बसली होती. आबांचं भाषण झालं. मग त्यांच्या बायकोनं, राजेश्वरीताईंनी माईक घेतला आणि बायकांना नाव घ्यायचा आग्रह सुरू केला. ताई जिथं जात तिथं बायकांकडून उखाणे घेववत आणि प्रत्येकीला एक स्टीलचा डबा देत. बायकाही हुशार, नवऱ्याचं नाव घेता घेता आबांचं गुणगान कुठंतरी बसवून टाकत होत्या. माईक एकीकडून दुसरीकडं सरकत चतुराबाईपर्यंत आला आणि तिला वगळून पुढं गेला.

विधवेला कोण नाव घ्यायला सांगतं? अठरा वर्षं ती अशा प्रत्येक कार्यक्रमात मान खाली घालून बसली होती. आज तिची मान खाली जाईना. ती उठली.

“बाईसाहेब, माझं नाव घ्यायचं ऱ्हायलं.”

राजेश्वरीताई गोंधळल्या. हलक्या आवाजात म्हणाल्या, “मावशी, राहू द्या. तुमचे मालक न्हाईत ना आता.”

“माझा श्रीपती न्हाय. पर मंडळीचा मालक जित्ता हाय. आज ईस्टर हाय, आजच तर मेलेल्यातनं उठलाय तो!” आणि ताईंच्या हातातला माईक तिनं काढूनच घेतला.

“अर्ध्यावर स्लॅब न् अर्ध्यावर ऊन,
येशूचं नाव घेते सगळ्या मंडळीकडून!”

एकाही बाईनं टाळी वाजवली नाही. इतक्या वर्षांनी चतुराबाईनं चार माणसांत नाव घेतलं होतं, आणि ज्याचं घेतलं त्याला कुणी मेलेला म्हणू शकत नव्हतं.

“आबा, तुमी आमास्नी सावली दिली, तुमचं भलं होवो,” ती म्हणाली. “पर ह्या घराचा मालक एकच. तुमच्या बंगल्यावर दुसऱ्याच्या नावाची पाटी बाईसाहेबांनी लावली, तर तुमी खपवून घ्याल का?”

आबांचा चेहरा लाल झाला. “मग उरलेला स्लॅब त्या मालकाकडनंच घ्या!”

“घेऊ की. त्यानं न्हाय दिला तर उन्हात नांदू. पावसात बी नांदू. पर त्याच्याच घरात नांदू.”

“लई नांदा! आन् आता ज्या सावलीत उभ्या हाय, ती कुणाची?”

चतुराबाईनं वर पाहिलं. मग माईक खुर्चीवर ठेवून ती चालू लागली आणि छत नसलेल्या अर्ध्यात, तापलेल्या फरशीवर जाऊन बसली. बनाबाई ऐंशीच्या घरातली, गुडघ्यांनी अधू; तिनं नातीचा खांदा धरला आणि तीही उन्हात आली. मग काल पाटीच्या बाजूनं बोललेला एक पंच आपल्या दोन्ही लेकरांना घेऊन उठला. त्याच्यामागून बाकीचे उठले. उन्हात बसायला जागा पुरेना, तेव्हा माणसं उभी राहिली.

सावलीत आबा, ताई आणि अनुप उरले.

“पाळकसाहेब, पडदा ओढायचा का न्हाय, तुमी सांगा,” आबा म्हणाले. “ह्या बाईच्या नादानं उद्या लेकरं भिजली, तर माझ्या दारात यायचं न्हाय.”

अनुपनं उन्हातल्या लेकरांकडं पाहिलं. मग त्यानं वेदीजवळचं प्रभुभोजनाचं मेज भाकरीसकट, प्याल्यासकट दोन्ही हातांनी उचललं. मेज जड होतं, आणि तो घामाघूम होऊन ते उन्हाकडं नेऊ लागला.

“आबा, पाटी काढून न्या,” तो जाता जाता म्हणाला. “आमच्या उपासनेला आधीच उशीर झालाय.”