चाळिसावा फलक

कंपनीने छापून आणलेले फलक एकोणचाळीस होते. चौदांवर उन्हापासून जपा, अकरांवर पट्टा बांधा, नऊंवर फोन बघत चालू नका, आणि उरलेल्या पाचांवर नुसता अंगठा. चाळिसावा गुणाजीच्या हातात होता. तो पत्र्याचा होता आणि त्यावर ब्रशने काढलेली अक्षरं होती: 'सुशील झोपला होता. वरून गोळी आली.' खाली पोलिसांच्या पत्रकावरून जसंच्या तसं उतरवलेलं अरबी: 'हवेत गोळ्या झाडू नका.'

सौदीतल्या रास अल खैरच्या त्या कामगार कॅम्पातून वर्षाकाठी एकदा सेफ्टी वॉक निघे. पुढे साहेबलोक, मागे पिवळी हेल्मेटं, प्लांटच्या गेटवर पोचलं की केळं आणि ज्यूस. या देशात मोर्चाला बंदी, रांगेने चालायची मुभा काय ती एवढीच. टाक्या रंगवणाऱ्या गुणाजी घाडीला वाटलं, चालायचंच आहे तर आपलंही म्हणणं घेऊन चालावं.

सुशील त्याच्या खोलीतला, वरच्या बिछान्यावरचा. दोन महिन्यांपूर्वी एका गुरुवारी रस्त्यापलीकडच्या इस्तराह्यात, म्हणजे लग्नाला भाड्याने मिळणाऱ्या बंगल्यात, वऱ्हाड उतरलं आणि पाहुण्यांनी हौसेने आभाळात बार काढले. त्यालाही इथे बंदीच आहे. एक गोळी खाली येताना कॅम्पचं छप्पर फोडून आली आणि सुशील झोपेतच गेला. पोलीस येऊन गेले. बंदूक कोणाची, ते निघालं नाही. कंपनीने सूचना लावली की गुरुवारी संध्याकाळी कोणी बाहेर बसू नये. सुशील आतच होता. त्यानंतरही बार वाजतच राहिले.

गुणाजीचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, पुढच्या महिन्यात संपत होता. तो वाढवून देणं सेफ्टी ऑफिसर नदीमच्या हातात नव्हतं. बिघडवणं मात्र होतं. चौपन्नाव्या वर्षी कायमचं घरी पाठवलं तर पुन्हा कोण बोलावणार?

हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून रांगेत त्याच्या आजूबाजूला जागा मोकळी पडली. एकाने हिंदीत विचारलं, नेताजी भाषण कधी करणार. गुणाजीचा हेल्पर चंदन त्याच्याच बाजूच्या गावचा, त्याच्याच शब्दावर इथे लागलेला. तो जवळ आला तो दात आवळूनच.

"तुमका घराक जाऊची घाई झाली आसात तर जावा. आमका हयच रवाचा आसा. ह्या पत्र्यापायी आमका कित्याक वडतास?"

चंदन चार माणसं सोडून पुढे जाऊन चालू लागला.

इस्तराह्याचं निळं फाटक आलं तेव्हा गुणाजी थांबला. फलक त्याने गुडघ्याला टेकवला आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्यांची फुली केली.

प्लांटमध्ये या खुणेला मोठा मान. धोका दिसला की कोणीही ती करावी. झाडूवाल्याने केली तरी क्रेन जागेवर थांबते. मागच्याने पाहून पुढच्याला दाखवायची. सवयीने एकामागून एक हात वर गेले, आणि बघता बघता अख्खी रांग उभी राहिली. पुढचे साहेबही थांबले. ही खूण सगळ्यांना शिकवणारा नदीम शिट्टी तोंडात तशीच धरून मागे आला. कुणी थांबवलं, धोका कुठे आहे, असं त्याने विचारलं. गुणाजीने मानेने फाटक दाखवलं.

"चाचा, ये काम नहीं है, वॉक है. इसको मुज़ाहरा, मोर्चा बोलेंगे. फिर मैं नहीं, पुलिस बात करेगी."

"सुशील का नाम लो. बोलो, कंपनी इस घर के मालिक को बोलेगी, गोली बंद करो. फिर हाथ नीचे करता हूँ."

नदीमने नाव घेतलं नाही. ऊन चढत होतं. मागून चार भाषांत शिव्या आल्या, एक रिकामी बाटली येऊन पत्र्यावर आपटली. नदीमने शिट्टी फुंकली, आणि रांग गुणाजीच्या दोन्ही बाजूंनी फुटून पुढे निघाली. काहींनी मुद्दाम खांदा मारला. शेवटचा माणूस जाईपर्यंत त्याचे हात वरच होते.

दुपारी नदीम पेंट शॉपमध्ये आला. साहेबांना त्याने सांगितलं होतं की म्हाताऱ्याची चूक झाली. पण एक अट होती. फलक गुणाजीने स्वतःच्या हाताने टाकीच्या राखाडी रंगाने बुजवायचा, आणि रंगाची जाडी मोजून, इतर कामांची पाठवतात तशी, कळवायची. नाहीतर घरचं तिकीट.

गुणाजीने डबा उघडला. जुनं अक्षर बुजवायचं तर ते आधी पॉलिश पेपरने घासून सपाट करायचं, हे हेल्परला पहिल्याच दिवशी शिकवतात. न घासता रंग चढवला तर अक्षर खालून उठून राहतं, तिरक्या उजेडात सरळ वाचता येतं.

चंदनने पेपर पुढे केला.

"रवांदे," गुणाजी म्हणाला आणि ब्रश बुडवला.

चंदनने दाराकडे पाहिलं. मग पेपर खिशात घातला.

रंगाचे दोन हात चढले. दुसऱ्या दिवशी रंग वाळल्यावर जाडी मोजायचा मीटर चंदनच्या हातात होता. कोरा भाग किती, गुणाजीने विचारलं.

"एकशे साठ मायक्रॉन."

"आणि अक्षरार?"

चंदनने मीटर सुशीलच्या 'सु'वर टेकवला.

"दोनशे नव्वद."