चकाकणारी तार

तार चकाकत होती. तिनं उजेडात धरून पुन्हा पाहिली. चकाकतच होती.

काचेच्या नळीतली ती चांदीची तार काळपट दिसायला हवी होती. तो काळपट थर म्हणजे तिच्या यंत्राचा शून्य. सगळे व्होल्ट तिथून मोजायचे. नळीचं टोक केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढं. त्यावरचा थेंब बॅटरीच्या पत्र्याला टेकवला, की तेवढ्याच ठिपक्यातली वीज मोजता यायची. यंत्र तिनंच घडवलेलं, नियमही तिचाच: दर सोमवारी तार बदलायची. पण हे टोक इतकं झकास जमलं होतं, की तार काढताना मोडेल म्हणून तिनं तीन सोमवार हातच लावला नाही.

थर झिजला होता, शून्य सरकला होता. आणि त्याच मापांवरून तिनं चाचणीघराला सही करून दिलं होतं: बॅटरी इथपर्यंत चार्ज करा, धोका नाही. खरी हद्द त्याच्या खाली असली, तर बॅटरी तापून पेट घेणार.

पहिली चाचणी आज साडेदहाला होती. ती घेणार होता तिचा धाकटा भाऊ. घड्याळात दहा पस्तीस झाले होते.

फोन नुसता वाजत राहिला. ती धावत सुटली. जिन्यात एक चप्पल तुटली, दोन्ही तिथंच टाकल्या.

चाचणीघरात बॅटरी ठेवलेल्या लोखंडी पेटीचं जाड दार सताड उघडं होतं आणि भाऊ आत डोकं घालून बसला होता.

“बंद कर! चार्जिंग बंद कर!”

“ताई? अनवाणी? वाघ लागलाय का मागं?”

“आधी बटण दाब, शहाण्या!”

त्यानं बटण दाबलं. “तापमानाची वायर सुटली होती, तेवढी चिकटवली. आता—”

तिनं कॉलर धरून त्याला बाहेर ओढलं आणि दार लोटून खिट्टी घातली. पडद्यावर तापमानाचा आकडा होता अठ्ठावन्न. मग साठ.

“बंद केलं तरी चढतंय?” त्याचा आवाज उतरला.

“माझं माप चुकलं. दार कशाला उघडलंस?”

“धोका नाही असं तूच लिहिलंस ना? दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर उघडलं नसतं.”

तिनं त्याची कॉलर पुन्हा घट्ट धरली. त्रेसष्ट. पेटीत काहीतरी टक्‌कन वाजलं. दोघं मागं सरकत भिंतीला टेकले. सहासष्ट. पुन्हा सहासष्ट. बराच वेळ सहासष्टच.

मग पासष्ट.

“उतरतंय, ताई. सोड आता.”

आकडा चाळिशीच्या खाली गेला, तरी तिनं त्याची कॉलर सोडली नाही.