सुलतानचा वंश

कुरुविळासाहेब सहकारी बँकेतून निवृत्त झाले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी बायकोला विचारलं की आपल्या परसात कोंबड्या आहेत तरी किती आणि त्या कुठल्या जातीच्या. अच्चाम्मा विहिरीवर भांडी घासत होती. ती म्हणाली, अठरा आहेत, आणि जातीचं ठाऊक नाही, अंडी मात्र देतात. हे उत्तर साहेबांना फार लागलं. एकोणीसशे वर्षं ज्या वलियपाडम घराण्याचं रक्त निर्भेळ राहिलं, त्याच्या फणसाखाली बेजात कोंबड्यांनी उकिरडा उकरावा, आणि घरच्या बाईला त्याचं काहीच वाटू नये?

घराण्याबद्दलची ही माहिती खात्रीची होती, कारण ती साहेबांनी स्वतःच लिहिली होती. 'वलियपाडम घराण्याचा इतिहास' हे तीनशे पानांचं पुस्तक त्यांनी बँकेच्या वेळात, बँकेच्या कागदावर लिहून काढलं होतं. त्यांच्या मूळपुरुषाला प्रत्यक्ष संताच्या हातून बाप्तिस्मा मिळाला, आणि त्याआधी तो मोठ्या नंबूदिरी ब्राह्मण घरचा होता, असं त्यात पहिल्याच पानावर आहे. त्या काळी या मुलखात दुसरी माणसं राहत होती की नाही, असा प्रश्न ते पुस्तक वाचून पडतो. पान एकशे बारावर खुद्द साहेब आहेत: शिक्षण, पदं, चर्चच्या समित्या, आणि शेवटी एक ओळ, "यांचा विवाह पुत्तनपुरयिल घराण्यातील कन्येशी झाला." ती कन्या म्हणजे अच्चाम्मा. पुस्तक छापून आलं तेव्हा तिनं विचारलं होतं की माझं नाव कुठं राहिलं. साहेब म्हणाले, वंश पुरुषाकडून चालतो, बायकांची नावं घालत बसलो असतो तर पानं वाढली असती.

तर या अभ्यासू माणसानं आता कोंबड्या हातात घेतल्या. वर्षभरात परसात जाळीचे सहा कप्पे उभे राहिले आणि प्रत्येकावर पाटी आली. एकात हाडापर्यंत काळ्या कोंबड्या, एकात पांढऱ्या शुभ्र, एकात डोक्यावर पिसांची टोपी असलेल्या, ज्यांना समोरचं काही दिसत नसे आणि त्या दिवसभर भांड्याला धडकत. एकात झुंजीचे, एकात रेशमासारख्या पिसांच्या. सहावा कप्पा मानाचा. त्यात ब्रह्मा जातीच्या चार कोंबड्या आणि त्यांचा नर, सुलतान. पायाच्या बोटांपर्यंत पिसं आणि अंगानं उशीएवढा. कप्पे साहेबांचे, पण ते झाडायचे, पाणी भरायचं, औषध पाजायचं, ते काम अर्थातच अच्चाम्माचं. साहेब रोज सकाळी मुंडू वर खोचून पाट्या वाचत फेरी मारत.

जागा करायची म्हणून अच्चाम्माच्या अठरा कोंबड्या एकेका रविवारी ताटात आल्या. तिनं त्या रांधल्या आणि वाढल्या, स्वतः मात्र एकही खाल्ली नाही. त्या सगळ्या उघड्या मानेच्या होत्या. तिच्या आईकडे, एलिक्कुट्टीकडे, तीच जात होती. मानेवर पीस नाही, पुढं गळ्याशी फक्त एक पुंजका. दिसायला ओबडधोबड, पण उन्हाळ्यात धाप न लागणाऱ्या आणि पावसाळ्यात न मरणाऱ्या. लग्न होऊन अच्चाम्मा होडीतून सासरी निघाली तेव्हा आईनं मांडीवर एक टोपली दिली होती. टोपलीत खुडूक बसलेली कोंबडी आणि तिच्या पोटाखाली अकरा अंडी. अख्ख्या प्रवासात ती कोंबडी उठली नव्हती. त्याला छत्तीस वर्षं झाली. आई गेली, भावांनी घर विकलं, तिथं आता टाइल्सचं दुकान आहे. आईचं म्हणून अच्चाम्माकडे उरला होता तो त्या अंड्यांचा वंश, आणि आता त्या वंशातला एकच कोंबडा, कुट्टप्पन. तो कुठल्याच कप्प्यात बसत नव्हता, म्हणून मोकळा हिंडायचा.

यंदा मे महिन्यात घराण्याचा मेळावा साहेबांच्या घरी ठरला. अकरा शाखा येणार, ह्यूस्टनहून पुतण्या येणार, धर्मगुरू येणार. साहेबांनी बेत केला की मेळाव्याच्या दिवशीच यंत्रात ब्रह्मा जातीची पिल्लं फुटतील अशी एकवीस दिवस आधी अंडी ठेवायची, आणि भाषणानंतर प्रत्येक शाखाप्रमुखाच्या ओंजळीत शुद्ध रक्ताचं एकेक पिल्लू द्यायचं. हे सांगून झाल्यावर त्यांनी जेवणाचंही सांगितलं.

"बाकीच्यांना बाजारातून आणू. मुख्य टेबलासाठी ते गिधाड सोल. पाहुण्यांना ते परसात दिसता कामा नये."

"बघायला नको, पण खायला चालेल?" अच्चाम्मा म्हणाली.

"खाताना मान कोण बघतंय?"

अच्चाम्मा चुलीपाशी गेली आणि टॅपिओकाचे कंद सोलत बसली. तिला रडू आलं आणि त्याचा तिला रागही आला, कारण एका कोंबड्यासाठी साठीच्या बाईनं रडावं हे तिला स्वतःलाच पटेना. पण कुट्टप्पन गेला की आईच्या अंगणातलं या जगात काहीही उरणार नव्हतं, हेही खरंच होतं.

रंगीत तालीम म्हणून साहेबांनी मार्चमध्येच एक खेप यंत्रात घातली होती. बारा अंडी, सातव्या दिवशी मोबाइलच्या उजेडात धरून पाहिली तर बाराही कोरी, आत शीर नाही की ठिपका नाही. साहेबांनी आधी यंत्राला दोष दिला, मग वीजमंडळाला, मग कोंबड्यांना. अच्चाम्माला खरं कारण दिसत होतं. त्या उकाड्यात सुलतान सकाळपासून चोच वासून सावलीत बसून असायचा. कोंबड्या समोरून गेल्या तरी तो मान वळवत नसे. तिनं हे एकदा सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, शुद्ध जातीचा नर उठवळ नसतो, तो वेळ घेतो, हे तुला नाही कळायचं.

कळायचं नाही म्हटल्यावर तिनंही सांगणं सोडलं.

साहेब दुपारी दोन ते चार झोपत. एप्रिलच्या मध्यापासून रोज दुपारी सव्वादोनला सहाव्या कप्प्याची कडी निघू लागली. अच्चाम्मा सुलतानला उचलून आंघोळीच्या खोलीत ठेवी, तिथल्या गार फरशीवर तो खूश असे, आणि कुट्टप्पन आत जाई. त्याला पाटी वाचता येत नव्हती आणि वेळ घ्यायची सवयही नव्हती. साडेतीनला ज्याचा तो आपल्या जागी. मग अच्चाम्मा हात धुऊन जपमाळ घेऊन बसे. शनिवारी पापांची कबुली द्यायला गेली तेव्हा हे सांगावं का, असं तिच्या मनात आलं होतं. पण कोंबड्यांच्या बाबतीत नेमकी कुठली आज्ञा मोडते ते तिला ठरवता येईना, आणि पाठीमागे रांग मोठी होती.

मेच्या सुरुवातीला बारा अंडी यंत्रात गेली. सातव्या दिवशी अकरांमध्ये लाल शिरांचं जाळं दिसलं. साहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते सुलतानच्या कप्प्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बघितलंस? रक्त बोलतं."

"बोलेल की," अच्चाम्मा म्हणाली.

अठराव्या दिवशी साहेबांनी यंत्रावर लाल मखमल घातली आणि आता झाकण उघडायचं नाही की डोकावायचं नाही, असं बजावलं. मेळाव्याच्या आदल्या सकाळी त्यांनी कुट्टप्पनची आठवण केली. माणूस बोलवून त्यांनी तो कापून घेतला. अच्चाम्मा त्या वेळी घरात होती, तिनं रेडिओ मोठा केला. मग तिनंच तो रांधला, मिरी घालून, खोबऱ्याचे काप तळून, आई करायची तसा. वाईट करायचा म्हटलं असतं तरी तिच्या हातून ते झालं नसतं.

मेळाव्याला सत्तर माणसं आली. मुख्य टेबलावर धर्मगुरू, अकरा शाखाप्रमुख, आणि चाकाच्या खुर्चीत साहेबांची नव्वदीची राहेलम्मा आत्या, पांढरा चट्टा-मुंडू नेसलेली. कुट्टप्पनची सगळ्यांनी तोंड भरून स्तुती केली. धर्मगुरूंनी दोनदा रस्सा घेतला. साहेबांनी मांडी घेतली, हाड चोखलं आणि हात न धुताच भाषणाला उभे राहिले. एकोणीसशे वर्षं, म्हणाले, लाटा आल्या, राजे आले, पोर्तुगीज आले, पण वलियपाडमच्या रक्तात बाहेरचा थेंब मिसळला नाही. मागं मखमलीखालून चिवचिव ऐकू येत होती, ती त्यांनी हात वर करून दाखवली. त्यांच्या मते ती संमती होती. मग त्यांनी मखमल ओढली.

यंत्रात अकरा पिल्लं होती. पायांवर लोकरीचे पायमोजे अगदी ब्रह्मा जातीला शोभतील असे. डोक्यावर लव, अंगावर लव, आणि मधे मान उघडी, गुलाबी, गळ्याशी एक पुंजका. अकराच्या अकरा अशी. नागडी मान वर करून ती घराण्याकडे बघत होती.

"आजारी आहेत का?" धर्मगुरूंनी हळूच विचारलं.

"करंट कमी-जास्त होत होता," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज तेवढ्यात निम्म्यावर आला होता.

राहेलम्मानं खुर्ची पुढं ढकलायला सांगितली. चष्मा काचेला टेकवून तिनं पाहिलं आणि हसू लागली. "करंट कसला रे. ही एलिक्कुट्टीची कोंबडी. पुत्तनपुरयिलच्या अंगणात असल्याच असायच्या. मी परकर नेसायचे तेव्हापासून बघतेय." मग तिनं मान वळवली. "तुझी आई ना ती, अच्चाम्मे?"

"हो, अम्मच्ची," अच्चाम्मा म्हणाली. तिच्या हातात वाढायचं भांडं होतं, ते तिनं खाली ठेवलं. या घरात छत्तीस वर्षांत तिच्या आईचं नाव कुणी मोठ्यानं घेतलेलं तिला आठवत नव्हतं.

लोक तोंड लपवून हसू लागले होते. साहेबांचा चेहरा पडला, आणि तसाच पडून राहिला असता, पण ह्यूस्टनच्या पुतण्यानं, टॉमीकुट्टीनं, मोबाइल वर धरला. त्याच्या मते ही युरोपातली नामांकित जात होती, ट्रान्सिल्वेनियन म्हणतात तिला, आमच्याकडे लोक तिच्या पिल्लांसाठी नंबर लावून बसतात. मोबाइल हातोहात फिरला. फोटोत तीच मान होती, फक्त मागं बर्फ होतं. हसणारी तोंडं मिटली आणि शाखाप्रमुख खुर्च्यांवरून उठले.

कुरुविळासाहेबांना सावरायला फार वेळ लागला नाही. त्यांनी छाती पुढं काढली आणि सांगितलं की हेच गुपित होतं, या दुर्मीळ युरोपीय वंशावर ते कित्येक वर्षं काम करत आहेत आणि तो त्यांनी आपल्या परसात जिवापाड जपला आहे. कुणीतरी म्हणालं, मग यांचा बाप तरी दाखवा. साहेब उत्साहाच्या भरात वळले.

"अच्चाम्मे, तो कोंबडा आण बरं, सगळ्यांना बघू दे."

"ताटात बघा, अच्चायन," अच्चाम्मा म्हणाली. "हाडं अजून उचलली नाहीत."

धर्मगुरूंनी दात कोरायची काडी हळूच खाली ठेवली. साहेब आपल्या ताटातल्या हाडाकडे बघत राहिले. शाखाप्रमुखांचे हात तरीही यंत्राकडे चाललेच होते, तेव्हा अच्चाम्मानं पुढं होऊन झाकणावर हात ठेवला. पिल्लं ओली आहेत, मान उघडी आहे, गारठतील, असं तिनं सांगितलं. आठवडाभर ती तिच्याकडे राहतील. त्यातली चार कायमची तिची, आणि ती कप्प्याबाहेर हिंडतील. उरलेली सात कुणाला द्यायची ते साहेबांनी आणि अकरा शाखांनी आपापसात भांडून ठरवावं. यावर साहेब हो म्हणाले.

सात पिल्लांमागं अकरा शाखा लागल्यावर पिल्लांना वंशावळीचं प्रमाणपत्र लागणार हे ओघानंच आलं. साहेब या कामातले मुरलेले. दुसऱ्या बुधवारी अप्पम खाता खाता त्यांनी वही उघडली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच विचारलं, "तुझ्या आईचं पूर्ण नाव काय?"

तिनं सांगितलं.

"तिच्याकडे ही जात कुणाकडून आली?"

"तिच्या आईकडून. त्रेसिया. आणि तिला तिच्या सासूनं दिली. कुंजुमरियम." कोंबड्या बायकाच देत, बायकाच घेत, त्यामुळे सगळी नावं तिच्या तोंडात होती. साहेबांनी ती काळजीपूर्वक उतरवून घेतली आणि एकेकीच्या गावाचं स्पेलिंगही विचारलं. मधली एकही कडी तुटता कामा नये, म्हणाले, नाहीतर शुद्धता सिद्ध होत नाही.

आठवड्यानं प्रमाणपत्रं छापून आली, जाड कागद, सोनेरी किनार. कुंजुमरियम, त्रेसिया, एलिक्कुट्टी, अच्चाम्मा: चार पिढ्या ओळीनं. साहेबांनी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि कौतुकाची वाट पाहिली. अच्चाम्मानं एक प्रत उचलली, बाहेरच्या खोलीतल्या कपाटातून 'वलियपाडम घराण्याचा इतिहास' काढला आणि पान एकशे बारा उघडून त्यांच्यापुढं ठेवलं.

"हे इथं चिकटवा."

"अगं, तो माणसांचा इतिहास आहे," साहेब हसले. "हे कोंबड्यांचं."

"तेच म्हणतेय. कोंबड्यांच्या कागदावर माझ्या आजीची सासूसुद्धा आहे. माणसांच्या पुस्तकात मीही नाही."

अच्चाम्मा स्वयंपाकघरात गेली, भाताची घट्ट पेज वाटीत घेऊन आली, आणि कन्येच्या ओळीखाली तिनं तो कागद चारही कोपऱ्यांनी चिकटवला. वर हात फिरवून, सुकेपर्यंत विहिरीवरचा धोंडा ठेवला.

कागद जाड आहे. त्यामुळे हल्ली पाहुण्यांनी ते पुस्तक हातात घेतलं की ते आपोआप पान एकशे बारावरच उघडतं.