परतीचा माल

"आणि परत येताना काय भरून आणता?" बाबांनी विचारलं.

टेबलाभोवतीची तिन्ही पोरं एकमेकांची तोंडं बघायला लागली. पोरं आपली म्हणायची; तिशीला टेकलेली, नोकरीधंद्याला लागलेली माणसं होती ती. दर रविवारी दुपारी बाबांच्या मुलीच्या घरी जमून अंतराळातल्या व्यापाऱ्यांचा खेळ खेळायची. एक जण कप्तान, एक इंजिनिअर, एक जहाजावरची डॉक्टर. जो तो आपल्या पात्राच्या तोंडून बोलायचा, बेत तडीस गेला की फसला ते फासे ठरवायचे, आणि उरलेलं विश्व, म्हणजे ग्रह, बंदरं, बाजारभाव, एकटी मुलगी सांभाळायची.

"काहीच नाही आणत, काका," कप्तान म्हणाला. "इकडे पाणी फुकट, तिकडे सोन्याच्या भावानं. न्यायचं, विकायचं, रिकामं यायचं, पुन्हा न्यायचं."

"बावीस फेऱ्या झाल्या, बाबा," मुलगी म्हणाली. "एवढे गबर झालेत की कुठल्याच संकटाला भीक घालत नाहीत. घोडं कुठे पेंड खातंय तेवढं सांगा ना. तुम्ही जन्मभर मालच पाठवलात."

जन्मभर म्हणजे एकतीस वर्षं. माल पोचवायला गेलेला ट्रक रिकामा परतू नये म्हणून तिकडच्या माणसांना फोन करायचे, गोड बोलायचं, प्रसंगी शिव्या खायच्या आणि परतीचा माल मिळवायचा, हे त्यांचं काम. एक तारखेपासून ते संगणक करणार होता. साहेबांनी चहा पाजून तसं सांगितलं, त्याला महिना होत आला. मुलीला अजून पत्ता नव्हता. आज सांगायचंच म्हणून ते आले होते. सकाळपासून तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा हवापाण्यावर बोलून गप्प बसले. त्यामुळे मुलीनं हे विचारलं तेव्हा त्यांना सुटल्यासारखंच वाटलं.

"अरे, एकाच गावात बावीसदा पाणी ओतल्यावर भाव राहील का?" त्यांनी कागद पुढे ओढला. "आणि तुमची चैन बघून बाकीचे काय हात चोळत बसतील? तेही पाणी घेऊन येणार. धक्क्यावर रांग लागणार. रांगेत उभं राहायचे पैसे वेगळे. आणि जहाज रिकामं असलं तरी इंधन पितंच."

त्यांनी सगळं लिहून काढलं. धक्क्याचं भाडं, खोळंब्याचं भाडं, नासाडी, हमाली. तासाभरात कप्तानाच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि डॉक्टर जहाज गहाण टाकायच्या गोष्टी करू लागली. मुलीचा चेहरा खुलला. बाबांच्या कामाबद्दल तिनं इतकं मन लावून कधी ऐकलं नव्हतं, आणि बाबांना ते फार बरं वाटलं. तिनं त्यांनाही एक पात्र दिलं: पलीकडच्या बंदरावरचा कारकून.

"परतीचा माल आहे का हो?" कप्तानानं विचारलं.

"तिसऱ्या चंद्रावर एक बाई आहेत, त्यांचं खनिज पडून आहे," कारकून म्हणाला. "पण सकाळी फोन करू नका. सकाळी त्या कातावलेल्या असतात. दुपारी करा आणि आधी गुडघ्याची चौकशी करा."

सगळे खो खो हसले.

"काका, या कारकुनाचे किती द्यायचे?" इंजिनिअरनं कागद चाळत विचारलं. "इथं लिहिलेलं नाही."

बाबांनी कागद घेऊन वरपासून खालपर्यंत पाहिला. खरंच नव्हतं. एकतीस वर्षांत कुठल्या बिलावर त्याची ओळ कधी आलीच नव्हती.

"त्याचे वेगळे नसतात," ते म्हणाले.

"मग माणूस कशाला? यंत्रच बसवू. खेळाच्या नियमांच्या पुस्तकात आहे."

मुलीनं पुस्तक उघडलं. "आहे. चार किंवा जास्त पडले की माल मिळतो." तिला ते काही पटेना. "पण बाबा, हे खरं वाटेल का? त्या बाईंचा गुडघा यंत्राला कुठून कळणार?"

नाही म्हटलं असतं तर यंत्र तिथंच बारगळलं असतं. सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"वाटेल की. कळतं त्याला," बाबा म्हणाले. "आमच्याकडे एक तारखेपासून तेच येतंय. महिनाभर शेजारी बसून मीच शिकवतोय. गुडघ्याचंही सांगितलंय."

इंजिनिअरनं मान खाली घातली. मुलीनं पुस्तक मिटलं.

"मला बोलला नाहीत."

"आत्ता बोललो ना. टाक फासा. माणसं खोळंबलीत."

तिनं हात हलवला नाही. शेवटी बाबांनीच फासा तिच्या मुठीत दिला. तिनं टाकला. पाच पडले. बाबांनी पेन्सिल उचलली आणि जहाजाच्या कागदावर परतीच्या रकान्यात नीट अक्षरात लिहिलं: 'भरलेलं'.