फिदेलियाचं ताट

नासारियो कनुलची कोचिनीता रविवारी दहाच्या आत संपायची, आणि ही गोष्ट तो स्वतःच गावभर सांगत फिरायचा. दहा वाजून पाच मिनिटांनी कुणी आलं, तर त्याला पातेल्याचा तळ दाखवून म्हणायचा, "पुढच्या रविवारी लवकर उठा." डुकराचं मांस, शेंदरीच्या बियांचं लाल वाटण, आंबट संत्र्यांचा रस, केळीची पानं आणि परसातला खड्डा. खड्ड्यात लाकडं पेटवून दगड तापवायचे, त्यांवर पातेलं उतरवायचं, वर पानं, पत्रा, माती, आणि मग सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. माती कुठे फुटून वाफ निघाली, तर मांस कच्चं राहतं. म्हणून तो तीन-तीनदा खड्ड्याभोवती वाकून फटी शोधायचा. खड्ड्याच्या बाबतीत माणूस असा बारीक नजरेचा होता. घराच्या बाबतीत नव्हता, आणि हे त्याला साठी उलटल्यावर कळलं.

बायको फिदेलिया फेब्रुवारीत गेली. ऑक्टोबर संपत आला तशी त्यांची मुलगी मिर्ना घर धुवायला, झाडायला लागली. एक नोव्हेंबरला गेलेली मोठी माणसं घरी जेवायला येतात, आणि घर घाण दिसलं तर बिचारी आल्या आल्या कामाला लागतात, असं त्या मुलखात मानतात. फिदेलिया तर नक्कीच लागली असती. मेजावर भरतकामाचं कापड घालायचं, मेणबत्त्या, झेंडू, फोटो मांडायचा, आणि जो गेला त्याच्या आवडीचं गरम जेवण वाढायचं. येणारा त्यातली वाफ घेतो, चव घेतो. मागे राहिलेलं घरच्यांनी खायचं, आणि ते अळणी लागलं की समजायचं, पोटभर जेवून गेला. नासारियोची आई गेली त्या वर्षी तिच्या ताटातलं सगळं कागदासारखं बेचव लागलं होतं आणि सगळं घर खूश झालं होतं. यंदा एक तारीख नेमकी रविवारी येत होती.

ताटात काय वाढायचं हा नासारियोच्या लेखी प्रश्नच नव्हता. "खड्डा उघडला की पहिली फोड तुझ्या आईला," तो बुधवारी म्हणाला. मिर्ना कापडाच्या घड्या घालत होती. तिने एक घडी मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली.

"काय झालं?"

"बाबा, आईला एल्मेरकाकांची आवडायची."

शेजारच्या तिकुल गावच्या बाजारातला एल्मेर. जो पावाच्या भट्टीत मांस भाजतो आणि त्याला कोचिनीता म्हणतो. नासारियो त्याचं नाव घ्यायचा ते थुंकायच्या आधी. मिर्नाने मग सगळंच सांगून टाकलं. आई दर गुरुवारी आंबट संत्री आणायला तिकुलला जायची, तेव्हा एल्मेरकाकांच्या दुकानात बसून जेवायची. मिर्ना लहानपणी बरोबर असायची. बाबांना सांगायचं नाही, या बोलीवर तिला सरबत मिळायचं. पुढे सरबत बंद झालं तरी तिने कधी सांगितलं नाही, कारण तोवर सांगण्यासारखं काही आहे असंच तिला वाटेनासं झालं होतं.

नासारियो न जेवता झुल्यात जाऊन पडला. एकोणिसाव्या वर्षी जत्रेत फिदेलिया एल्मेरबरोबर नाचली होती. सगळ्या गावाने त्या दोघांचं लग्न ठरवूनच टाकलं होतं, आणि ऐन वेळी तिने नासारियोला हो म्हटलं. हा विजय त्याने चाळीस वर्षं छातीवर मिरवला. आता एकेक गुरुवार त्याच्या डोळ्यांसमोर येऊन उभा राहू लागला. संत्र्यांची पिशवी घेऊन ती परतायची, तेव्हा जरा हसतमुख असायची. ते त्याला दिसायचं. संत्री स्वस्त मिळाली असतील, असं तो धरून चालायचा.

त्याला राग आला होता, पण रागापेक्षा मोठी एक भीती होती. ती येणार होती, वर्षातून एकदाच, आणि तिच्यासमोर तिला नको असलेलं ताट ठेवलं तर ती उपाशी परत जाईल. नाहीतर सरळ तिकुलला जाईल, आणि ही कल्पना तर त्याला सहनच होत नव्हती.

गुरुवारी तो हॅट डोळ्यांवर ओढून तिकुलला गेला. एल्मेर आत भट्टीशी होता, तेवढ्यात त्याच्या नोकराकडून पुडा बांधून घेतला आणि चोरासारखा सटकला. घरी पुडा उघडून त्याने एकेक धागा जिभेवर ठेवला. मांस कोरडं, जिरं जास्त, धुराचा वासही नाही. हे तिला आवडायचं? त्याला काही सापडेना. म्हणजे काहीतरी असलं पाहिजे आणि ते आपल्या जिभेला कळत नाही, असं त्याने ठरवलं, आणि शुक्रवारी आयुष्यात पहिल्यांदा तो फिदेलियाच्या ओट्यापाशी उभा राहिला.

भट्टी नव्हती, म्हणून गॅसवरचा ओव्हन. वाटण आधी फिदेलिया आणि नंतर मिर्ना करून द्यायची, त्यामुळे मीठ कुठल्या डब्यात असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. एवढ्या मोठ्या गावाला जेवू घालणारा माणूस, पण स्वतःच्या घरातलं मीठ मिर्नाला विचारून घेतलं. पहिलं भांडं करपलं. दुसऱ्यात त्याने जिरं दुप्पट टाकलं, वाटण पातळ केलं, आपल्या हातांनी आपलीच कोचिनीता बिघडवली. मिर्नाने घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिली.

"तशीच झालीय," ती म्हणाली. "हुबेहूब. पण आई हे खाऊन खूश व्हायची का, आता मलाच सांगता येत नाही."

शनिवारी सकाळी तो पुन्हा तिकुलला गेला, या वेळी हॅट हातात घेऊन. एल्मेरच्या कोपरापर्यंत पीठ लागलेलं होतं. नासारियोने रामराम न करता, खाली बघत सांगून टाकलं की उद्या तिच्या ताटात तुझी कोचिनीता वाढायची आहे, काय घालतोस ते सांग, सांगायचं नसेल तर विकत दे. एवढं बोलायला त्याला किती कष्ट पडले ते एल्मेरला दिसलं असावं, कारण त्याने टोमणा मारायची एवढी सोन्यासारखी संधी सोडून दिली.

"तिला माझी आवडायची असं कोण म्हणालं?"

"मिर्ना."

"मिर्ना पोर होती तेव्हा." एल्मेरने फडक्याला हात पुसले. "पहिल्याच दिवशी तुझी बायको मला म्हणाली, एल्मेर, मांस कोरडं झालंय आणि जिरं ढिगाने पडलंय, याला नासारियोच्या नखाचीही सर नाही. वीस वर्षं दर गुरुवारी हेच ऐकवायची, आणि ताट पुसून साफ करायची. एकदा मी वैतागलो. म्हटलं, मग बाई, इथे येतेस कशाला?"

नासारियोने मान वर केली.

"म्हणाली, इथे मला कुणीतरी वाढतं." एल्मेरने भिंतीजवळच्या एका खुर्चीकडे बोट दाखवलं. साधी लाकडी खुर्ची, टेकायला पाठ असलेली. "तिथे बसायची. अर्धा तास. कुणी हाक मारली तर उठायची नाही. म्हणायची, घरी मीच वाढायचं, मीच पैसे घ्यायचे, मीच भांडी घासायची, आणि हात धुवून येईपर्यंत पातेलं रिकामं. मला खरवड."

"तिला खरवड आवडायची," नासारियो म्हणाला.

"असं ती म्हणाली तुला?"

नासारियोने आठवून पाहिलं. दर रविवारी, शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर, फिदेलिया पातेल्यात तोर्तियाचा, म्हणजे मक्याच्या भाकरीचा, तुकडा फिरवायची, तळाला चिकटलेलं ओरबाडून खायची. 'माझ्या बायकोला खरवडच लागते,' हे तो गिऱ्हाइकांना हसत सांगायचा, आणि ती मान खाली घालून हसायची. सांगायचा तो. ती काही म्हणाल्याचं त्याला आठवेना. दहाच्या आत संपतं, हे तो कुणापाशी मिरवत होता आणि कुणाच्या पोटावर, हे त्याला त्या पिठाच्या दुकानात उभ्या उभ्या समजलं. एल्मेर भट्टीकडे वळला होता. नासारियो हॅट घालून निघाला. मत्सर करायला तिथे काही उरलं नव्हतं, आणि मत्सर होता तेच बरं होतं, असं त्याला बसमध्ये वाटत राहिलं.

दुपारी त्याने खड्डा पेटवला. वाटण स्वतः वाटलं, संत्री स्वतः पिळली, मातीवरून हात फिरवून एकेक फट लिंपली. रविवारी उजाडताना माती ओढली तेव्हा बाहेर रांग लागली होती, सणाची म्हणून नेहमीच्या दुप्पट. पान उलगडल्यावर जो वास सुटला, त्याने रांगेतली माणसं बोलायची थांबली. एवढं चांगलं त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. त्याने सगळ्यात मऊ फोड काढली, वर रस्सा घातला, बाजूला लाल कांदा, हबानेरो मिरची, फडक्यात गुंडाळलेल्या गरम तोर्तिया. घरातली एकुलती एक पाठीची खुर्ची, जिच्यावर तो स्वतः बसायचा, ती मेजाला लावली. फोटोपुढे ताट ठेवलं आणि खुर्चीशेजारी हात बांधून उभा राहिला.

रांगेतून निवृत्त मास्तरांनी हाळी दिली, "नासारियो, आम्हालाही मेल्यावरच वाढणार का?" लोक हसले. नासारियोने सांगितलं की आधी घरचं माणूस जेवेल. ताटातली वाफ हळूहळू कमी झाली, मग दिसेनाशी झाली, तेव्हा तो बाहेर जाऊन वाढायला लागला.

दहाच्या आतच पातेलं संपलं. मिर्नाने मेजावरचं ताट खाली घेतलं, कारण ताट घरच्यांनी खायचं असतं. नासारियो तिच्या तोंडाकडे बघत बसला. डॉक्टरसमोर बसतात तसा. तिने तोर्तियाचा तुकडा मोडला, मांस घेतलं, चावलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"बाबा," ती म्हणाली, "चव तशीच आहे."

त्याने स्वतः घास घेतला. मीठ जिथल्या तिथे, संत्र्याचा आंबटपणा, धूर, सगळं. चव कणभरही कमी झाली नव्हती. कुणी हातही लावला नव्हता. मिर्ना घाईघाईने म्हणाली की ताट नुकतंच ठेवलं होतं, आई दुपारी येईल, संध्याकाळी येईल, वाट लांबची असेल.

"दारात गिऱ्हाईक उभं असताना ती कधी बसली होती?" नासारियो म्हणाला. "आणि मी डोक्यावर उभा होतो, वाढप्यासारखा. उठायला लावतोय असंच वाटलं असेल तिला."

त्याने ताट परत मेजावर ठेवलं, मोडलेली तोर्तिया काढून नवी गरम ठेवली, खुर्ची थोडी मागे ओढली, बसणाऱ्याला जागा होईल इतकी. मिर्नाला पुढचं दार लावून घ्यायला सांगितलं. परसदार तेवढं उघडं ठेवलं. मग रिकामं पातेलं घेऊन तो मागच्या पायरीवर बसला, फिदेलिया खरवड खायला बसायची तिथे, मेजाकडे पाठ करून, म्हणजे कुणी आत जेवत असेल तर त्याला संकोच नको.

भूक सकाळपासून होती. त्याने तोर्तियाचा एक तुकडा पातेल्याच्या तळाशी फिरवला आणि चिकटलेलं ओरबाडून तोंडात घातलं. करपलेलं होतं, कडू होतं. पानाच्या फाटक्या कडेतून आत आलेली थोडी माती दाताखाली कचकचली. चाळीस वर्षं तो ही कोचिनीता करत होता, आणि फिदेलियाचा हा घास त्याने कधी खाल्ला नव्हता. तो सगळा तळ खरवडून होईपर्यंत खात राहिला आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही.